बाबांचा प्रश्न तू बंद केलास

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद (जेवढे शिल्लक आहेत तेवढे सगळे).

तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही. तुझ्या त्या फ्रेमवर्कच्या पानावर तू दिवसभर जगातल्या लोकांना उत्तरं देत असतोस, तेव्हा निदान बोटं तरी शाबूत असणार. माझी कंबर धरली आहे, चष्म्याचं दुकान बरं चाललंय, छापखान्यात तुझ्या भावजींची पत तुझ्यापायी जरा घसरली आहे (ते पुढे येईलच), आणि बाबा कॉम्प्युटरवर चादर घालून खिडकीकडे तोंड करून बसले आहेत. हे पत्र बाबांबद्दल आहे. ईमेल केलं तर 'आपला संदेश मिळाला, आभारी आहोत' असं यंत्राचं उत्तर येतं आणि फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. न वाचता फाडलंस तर निदान हाताला तेवढे कष्ट तरी पडतील.

चार वर्षांपूर्वी तू चांगली नोकरी सोडलीस. कुणालाही ॲप बनवता येईल असं काहीतरी लिहिणार आणि ते सगळ्या जगाला फुकट देणार, असं जाहीर केलंस. बाबा म्हणाले, फुकट वाटायला ही काय धर्मशाळा आहे? तू बॅग भरलीस. तेव्हापासून तुम्हा दोघांत एक शब्द नाही. ते म्हणतात लहानानं आधी बोलावं, तू म्हणतोस ज्यानं बोलून दुखावलं त्यानं आधी बोलावं, आणि माझं इकडे आड तिकडे विहीर. अशात या वर्षी एके सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू तरी, पोरानं केलंय काय ते." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. उघडून बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही, हे तुला सांगायला नको.

तुझ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की पाच मिनिटांत इन्स्टॉल होतं. कुणाच्या घड्याळातली पाच मिनिटं रे ही? तुझं फ्रेमवर्क घालायच्या आधी दुसरं काहीतरी घालायचं, त्याच्या आधी तिसरं, आणि त्या तिसऱ्याची आपल्याकडे आहे ती आवृत्ती नको, मधली हवी. नमनालाच घडाभर तेल! बाबा चष्मा लावून इंग्रजी शब्द एकेक करून वाचत होते, मी टाइप करत होते, आणि दुकानात गिऱ्हाईक डोळ्यांत औषध घालून ताटकळत बसलं होतं. शेवटी बाबांच्या विंडोजवर सगळं जमलं आणि ऐन वेळी लाल अक्षरांत कळलं की फायलींपर्यंतचा रस्ता सापडत नाही. का सापडत नाही? तर त्या कॉम्प्युटरवर बाबांचं खातं 'आमचे बाबा' या नावाचं आहे. मराठीत, आणि मध्ये मोकळी जागा. तूच घालून दिलं होतंस ते, घरी होतास तेव्हा. म्हणजे साऱ्या जगासाठी केलेल्या तुझ्या फ्रेमवर्कला स्वतःच्या बापाचं नाव वाचता येईना! नाव बदलून इंग्रजी करावं, असं तू पानाच्या पार तळाशी, मुंगीच्या अक्षरांत लिहून ठेवलं आहेस. मी बदलायला निघाले तर बाबांनी माझा हात धरला. ते नाव त्यानं ठेवलंय, म्हणाले, राहू दे, दुसरं मशीन बघू.

दुसरं मशीन म्हणजे तुझ्या भावजींचा मॅक. तो त्यांचा नव्हेच, छापखान्याचा, पण घरी येतो म्हणून आपला. मॅकसाठी तुझ्या सूचना वाचून मी धन्य झाले : 'बाकी सर्व वरीलप्रमाणे.' वरचं जमलं असतं तर खाली कशाला आलो असतो, बाबा? (हे 'बाबा' तुला उद्देशून आहे.) तिथे जे सामान उतरवून घ्यायचं होतं ते दिवसभर उतरतच राहिलं. आम्ही कौतुकानं निळी पट्टी पुढे सरकताना बघत बसलो. ती टोकाला पोचली तेव्हा लॅपटॉपमध्ये तीळभर जागा उरली नव्हती. तुझ्या भावजींनी तीन दिवस खपून केलेलं एका पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यामुळे साठवलंच गेलं नाही. मालकानं त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. घरी येऊन ते मला काही बोलले नाहीत, नुसता लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवला, आणि त्या माणसाचं न बोलणं किती महागात पडतं ते तुला लग्न न केल्यामुळे कळायचं नाही.

उरलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी घालायचं ते फुकटचं. त्याबद्दल तू लिहिलं आहेस की लिनक्स वापरणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही. वा! म्हणजे ज्याला येतं त्याला शिकवायचं नाही आणि ज्याला येत नाही त्यानं तोंड वर करून यायचं नाही. माझ्या दुकानातला जुना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्यावर लिनक्स घालून घेतलं. त्यानं काम चोख केलं, इतकं चोख की आधीचं सगळं पुसून टाकलं. माझ्या गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबर त्यातच होते. हल्ली मीच लाजत लाजत विचारते, तुमचा नंबर काय होता हो? लोक हसतात. एक बाई दुसऱ्या दुकानात गेली.

ते मशीन घरी आणलं आणि त्यावर मात्र बाबांनी ठाण मांडलं. काळ्या पडद्यावर काय हवं ते टाइप करायला ते माझ्यावाचून शिकले. तुझी ती तपासणीची आज्ञा दिली की आधी रांगेनं लाल फुल्या यायच्या, हळूहळू त्यांच्या हिरव्या खुणा झाल्या, एक फुली तेवढी हटेना. तेव्हा बाबांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. म्हणाले, त्यालाच विचारू, पण माझं नाव नको घालूस. मी तुझ्या पानावर दुकानाच्या नव्या नावानं (ते तुला ठाऊक नाही) खातं काढलं. प्रश्न त्यांनी सांगितला, मी लिहिला. तुला त्यांनी 'आपण' म्हटलं, धाकट्या. तीन मशीनवर काय काय केलं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, लिही, आपण काम फार मेहनतीनं केलेलं दिसतं.

उत्तर लगेच आलं. 'सूचना नीट वाचा. हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. बंद करत आहे.' खाली कुलूप, म्हणजे पुढे कुणी काही लिहायचं नाही. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं," आणि आत जाऊन चादर घेऊन आले. मी त्या रात्री तुझी जुनी उत्तरं वाचत बसले. कुठल्या कोण अनोळखी पोराला तू लिहिलं आहेस, घाबरू नका, आपण मिळून बघू. मला रडू आलं आणि तुझ्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. बाबांनी जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांना आधी विचारलं, आत कोण आहे, घाबरला नाहीत ना, आणि मग हत्यार हातात घेतलं. तुझ्या दारात आलेल्याला तू कोण म्हणूनसुद्धा विचारलं नाहीस.

तेव्हा जेवत जा, झोपत जा, आणि अधूनमधून लाज वाटून घेत जा.

तुझी,
ताई

ता. क. : 'पाच मिनिटांत' हे शब्द काढून टाक. भावजींनी सांगायला सांगितलंय. एवढंच बोलले ते.

ता. क. दुसरा : खरं काम हे. तो प्रश्न उघड आणि त्याला नीट, गोड उत्तर दे. बाबा आहेत हे तुला कळलंय असं दाखवू नकोस. अनोळखी माणसाशी बोलतोस तसंच बोल, ते तुला छान जमतं.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज दुकानासाठी तो कॉम्प्युटर परत न्यायचा होता, म्हणून चादर काढून सुरू केला. त्यावर तुझं फ्रेमवर्क व्यवस्थित चालतंय. एक छोटं ॲप आहे, बटण दाबलं की आकडा वाढतो. भावजींनी तारीख बघून सांगितलं की ते ॲप प्रश्न विचारायच्या आधीच्या आठवड्यात केलेलं आहे. ती उरलेली फुली बिनमहत्त्वाची होती आणि बाबांना ते माहीत होतं. मी त्यांना विचारलं, मग प्रश्न कशाला घातलात? त्यांनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, "चाललं म्हणून कळवलं असतं, तर त्यानं उत्तर दिलं असतं का? काही बिघडल्याशिवाय आपल्याशी कोण बोलतं?"

तेव्हा दुसऱ्या ता. क. मधलं रद्द समज. उत्तर त्यांच्याकडे आहे. तू फोन कर.