माझा माईक, त्यांचा नारळ

सोमवार, संध्याकाळ

नारळ समोर टेबलावर आहे. बघितला की डोकं सणकतं.

इतकी वर्षं टीव्हीसाठी राजकारण कव्हर करतोय आणि आज भर कार्यक्रमात आमदारांनी मला शेंबड्या पोरासारखं गुंडाळलं. की मीच गुंडाळून घेतलं? निवडणुकीत सोलापूरला रोज पाणी देतो म्हणाले होते, त्याचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. कॅमेरामन रफिक तयार होता. मी माईक पुढे केला, तर साहेब म्हणतात, "थांबा हो, आधी तुमचा सत्कार!" खांद्यावर शाल आली, पाठोपाठ नारळ. सत्काराचा नारळ एका हाताने कसा घेणार? साहेबांनी माईक अलगद काढून घेतला आणि माझ्याच माईकवर माझं कौतुक सुरू केलं. निर्भीड पत्रकार म्हणे! टाळ्या थांबेपर्यंत गाडीत बसून गेलेसुद्धा.

मी नारळ धरून उभा. रफिक म्हणतो, "सर, शॉट लई भारी आलाय की." आला असेल! चॅनेल दुपारपासून तेवढाच फिरवतंय. माझा प्रश्न कुठेच नाही. कसा असेल? विचारलाच नाही.

घरी आलो तर शेजारच्या पद्माबाई दारात. "टीव्हीवर बघितलं की तुमाला! मग, पानी रोज कधी येनार म्हनले सायेब?"

मी नारळच पुढे केला.

"नको वो," म्हणाल्या. "तुमच्या सत्काराचा हाय, तुमीच खावा."