शेवटचा फटका

१२ फेब्रुवारी २००६
आज मी एका माणसाला मारलं.

घोटीच्या पुढे नदीतला वाळूउपसा शूट करायला वर्गातल्या मुलांना घेऊन गेले होते. टीव्हीची नोकरी सोडून विद्यापीठात शिकवायला लागले त्याला पाच वर्षं झाली, पण नदीकाठी पोचले आणि अंगातली बातमीदार जागी झाली. मुलांना म्हटलं, जवळ जा, अजून जवळ.

वाळूवाल्यांची जीप आली. चौघे उतरले. रोहितच्या हातात नुसता माईक होता — पहिला दांडा त्याच्याच तोंडावर. तो पडला, तर एकजण छातीवर बसून दगडानं मारायला लागला. मी ट्रायपॉड उचलला आणि त्याला मारत सुटले. किती वेळा, आठवत नाही. बाकीचे पळाले.

सायली शूट करत होती. सगळं टेपवर आहे.

१३ फेब्रुवारी
रोहितचा जबडा तारेनं बांधलाय. वाचेल.

तो दगडवाला त्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर. दत्तू नाव. बेशुद्ध. इन्स्पेक्टर म्हणाले, "स्वसंरक्षण आहे मॅडम, निर्धास्त राहा."

१५ फेब्रुवारी
माझ्या जुन्या चॅनलवर दिवसभर मीच. "रणरागिणी प्राध्यापिका." माझा तेव्हाचा सहकारी मयूर अजून तिथेच निर्माता आहे, सायलीकडून त्यानं परस्पर फुटेज नेलं. वर्गात शिरले तर टाळ्या.

बातमीत रोहितला मारताना दिसतं, मग माझे दोन फटके, मग पळणारी जीप. मला तेवढंच आठवायला हवं होतं. पण तास संपल्यावर सायली थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, फुटेज देताना शेवटचा फटका मी उडवला. तेव्हा तो रोहितला सोडून रांगत पाण्याकडे चालला होता. तुम्हीच शिकवलंत ना, नको ते कापायचं."

तिच्या पाठीवर हात ठेवला. शाबासकीसारखा.

१६ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर गेले. का गेले, माहीत नाही. दत्तूची बायको फुलाबाई बाकावर बसलेली.

"टीव्हीतल्या बाई तुमीच ना?"

"हो."

"त्यानं पोराला मारलं, लय वाईट केलं. पर त्याला मागून कसं लागलं, त्ये सांगा."

तिनं माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. वॉर्डबॉय धावत आले, तिचा हात पिरगाळला. मी ओरडले — सोडा तिला. कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

१७ फेब्रुवारी
विद्यापीठात माझा सत्कार ठरतोय. नको म्हटलं. कुणी ऐकत नाही.

१८ फेब्रुवारी
दत्तू सकाळी गेला. सायलीकडून मूळ टेप घेतली, ठाण्यात नेली. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, ही मी पाहिलीच नाही असं समजू का?" टेप मीच लावली. तो रांगायला लागला तिथे म्हटलं, "आता नीट बघा."