सिग्रूनच्या मापाचे काटे

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प आज लिहितोय. पहिले तीन दिवस विचारात गेले. विचार न करता संकल्प करणारे लोक आमच्या ट्रोम्सो गावात पुष्कळ आहेत, त्यांत माझी भर नको.

संकल्प एकच. ईस्टरला सिग्रून माझ्याबरोबर केबिनला येणार. लग्न झाल्यापासून दर ईस्टरला आम्ही दोघं बाबांनी बांधलेल्या त्या केबिनला चालत जातो. यंदा ती म्हणते, बघू. कारण काय, तर गेल्या वर्षी शेवटच्या चढावर ती पडली आणि मनगट मोडलं. तिथे वारा सगळा भुसभुशीत बर्फ झाडून नेतो आणि खाली नुसती काच उरते. मी तिला माझे जुने क्रॅम्पॉन, बुटाखाली बांधायचे बारा पोलादी दातांचे काटे, घालायला लावले होते. म्हणजे दिले होते. त्यातला एक दात तिच्याच दुसऱ्या पायाच्या पॅन्टमध्ये अडकला. पॅन्ट ढगळ होती. क्रॅम्पॉनचा काडीचा दोष नव्हता. नाचता येईना, अंगण वाकडं. हे मी तिला तिथेच, हेलिकॉप्टर यायच्या आधी, समजावून सांगितलं होतं.

तेव्हा प्रश्न फक्त योग्य काट्यांचा आहे. सगळी नोकरी गाडी-तपासणी केंद्रात टायर तपासण्यात गेली. पकड म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळत असेल तर त्याने पुढे यावं.

८ जानेवारी, गुरुवार
सिग्रून गुरुवारच्या मंडळींबरोबर फिरायला गेली. सगळे पेन्शनर. दिवे असलेल्या, पाय घसरू नये म्हणून खडी टाकलेल्या वाटेने तासभर चालायचं, मग शेकोटीपाशी वाफल खात एकमेकांचं कौतुक करायचं. पुढारी ओड्वार, एकेकाळचा फेरीबोटीचा कप्तान. जन्म पाण्यावर गेलेला माणूस लोकांना बर्फावर चालायला शिकवतो. बर्फ म्हणजे पाणीच की, असं सिग्रून म्हणाली. याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

सगळ्यांच्या पायात नगरपालिकेने म्हाताऱ्यांना फुकट वाटलेले काटे. रबराचा पट्टा आणि खाली टिकल्यांएवढे चार खिळे. माझी जोडी आणायला मी गेलेलो नाही. मी म्हातारा नाही, अडुसष्ट वर्षांचा आहे.

१३ जानेवारी
अभ्यास पूर्ण. बर्फात घालायच्या पसरट चपला बाद. त्या पाय रुतू नये म्हणून असतात आणि आमच्या चढावर रुतायला काही शिल्लकच नसतं. उरले दोन उमेदवार. एक, साखळीचे काटे: बुटावर रबर ताणून चढवायचं, तळाला साखळ्या आणि लहान दात. दोन, दहा दातांचे हलके क्रॅम्पॉन. दोन्ही मागवले. माझ्यासाठी चव्वेचाळीस नंबर. जे पास होईल ते तिच्यासाठी अडतीसमध्ये घेणार.

तिला आधी विचारावं का, असं क्षणभर वाटलं. पण टायर तपासताना कुणी गाडीला विचारत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
सिग्रूनच्या फुकट काट्यांची शास्त्रीय चाचणी घेतली. रात्रभर फ्रीझरमध्ये, कॉड माशाशेजारी ठेवले. सकाळी एक टोक कामाच्या टेबलावरच्या पोलादी पकडीत आवळलं आणि दुसऱ्याला वजन टांगत गेलो. रबर तुटलं. अपेक्षेप्रमाणे.

नाश्त्याच्या वेळी पुराव्यादाखल तिच्यासमोर ठेवलं. ती कोट घालून तयार होती. आज गुरुवार आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. तुटका पट्टा हातात धरून थोडा वेळ दाराशी उभी राहिली, मग कोट काढून खुंटीला लावला. आभार मानले नाहीत. मलाही अपेक्षा नव्हती.

१६ जानेवारी
ओड्वार येऊन दाराच्या मुठीला नव्या काट्यांची पिशवी अडकवून गेला. बेलसुद्धा वाजवली नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची ही पद्धत. सिग्रूनने पिशवी थेट आपल्या कपाटात नेऊन ठेवली आणि किल्ली फिरवली. त्या कपाटाला किल्ली आहे हे मला आजच कळलं.

२१ जानेवारी, बुधवार
आज सूर्य परतण्याचा दिवस. दोन महिन्यांच्या अंधारानंतर सगळं गाव बाहेर येऊन गोड बन खात दक्षिणेकडे बघत उभं होतं. ढग. सूर्य दिसला नाही, बन संपले.

माल आला. पण तपासायचा कुठे? नगरपालिका गावभर खडी पसरते, स्वच्छ बर्फ मिळणं मुश्कील. दुपारी डोकं चाललं. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतची उतरती वाट! कोन मोजला. केबिनच्या चढाशी जवळजवळ तंतोतंत. आजपासून वाटेवर खडी बंद.

२३ जानेवारी, शुक्रवार
खडी बंद करून भागेना, म्हणून रबरी नळीने पाणी सोडलं. एक थर गोठू दिला, मग दुसरा, मग तिसरा. अप्रतिम. दारावरचा दिवा त्यात अख्खा दिसतो. सिग्रूनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, काय चाललंय. म्हणालो, तुझ्या सुरक्षेचं काम. तिने खिडकी लावून घेतली. बाहेर थंडी होतीच.

२७ जानेवारी, मंगळवार
कचऱ्याची बादली, ती चाकांची मोठी, रस्त्याकडे नेताना हातातून सुटली. एकटीच खाली गेली आणि शेजारच्या आर्विदच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या दारावर थांबली. आर्विद चर्चमध्ये गातो. त्या तोंडाला शोभणार नाहीत असे शब्द त्याने वापरले. मी शांतपणे दाखवून दिलं की गाडी त्याने उताराच्या अगदी रेषेत लावली होती. बर्फ बघून तो म्हणाला, नळ फुटला का रे तुझा? टेस्टबद्दल सांगितलं. सिग्रून बरी आहे ना, असं विचारून तो गेला. उत्तम आहे म्हणालो.

ती सध्या मागच्या धुलाईखोलीच्या दाराने जाते-येते. तिथे बर्फ कमरेएवढा आहे. तेवढाच व्यायाम.

३ फेब्रुवारी
टेस्ट पहिली: साखळीचे काटे. चढताना सुरेख. दुपारी हवा अचानक उबदार झाली, हिमवर्षाव ओला झाला, आणि उतरताना तळाखाली बर्फाचे लाडू जमले. चार बोटं उंच झालो. मग पडलो. गुडघा सुजलाय. निष्कर्ष: मॉडेल ठीक, हवामान बेजबाबदार.

सिग्रूनने गुडघ्याला बर्फ लावायला दिला. ती जोक करत होती का ते कळलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट दुसरी: दहा दातांचे क्रॅम्पॉन. यांना ताठ तळव्याचा बूट लागतो. माझा बूट वाकला आणि उजवा क्रॅम्पॉन निघाला. तो माझ्याशिवाय खाली गेला, आर्विदच्या कुंपणात. आर्विद परत द्यायला तयार नाही. आधी खडी, मग क्रॅम्पॉन, म्हणतो. अशा माणसांशी बोलणी करायची नसतात.

बूट चुकीचा होता. म्हणजे टेस्ट ग्राह्य नाही. म्हणजे अपयश नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सिग्रून तयार होऊन पुढच्या दारात उभी. मागच्या दारावर छपरावरून बर्फ कोसळलाय, ते उघडत नाही. पायात ओड्वारचे काटे. मी म्हणालो, हात धर, मी खाली नेतो, तेवढीच एक टेस्ट होईल. ती हलेना. मग माझं नाव घेऊन जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पुढे तिला दाखवता येईल.

"हालवर, खडी टाक."

मी म्हणालो, टेस्ट अर्ध्यावर आहे, आणि हे सगळं कुणासाठी चाललंय ते जरा लक्षात घे.

"मला ईस्टरला त्या चढावर जायचंच नाहीये रे. मला फक्त माझ्या दारातून बाहेर पडायचंय."

आवाज चढवला नव्हता. मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं, थंडीत दुखतं तिचं. मी समजावलं की हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि ती त्यांची सरमिसळ करतेय. ती आत गेली आणि दिवसभर विणत बसली. काय विणतेय विचारलं तर म्हणाली, काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
सिग्रूनची बहीण ब्योर्ग आली. गेटपाशी उभी राहून तिने मला हाक मारली, पूर्ण नावाने. स्वतःच फावडं घेऊन मागचं दार मोकळं केलं. सिग्रून एक लहान बॅग घेऊन तिच्या फ्लॅटवर राहायला गेली. तिथे लिफ्ट आहे, अंगण गरम केलेलं आहे, फरशीखालून पाइप. बर्फ जाईपर्यंत तिथेच राहीन, म्हणाली.

योग्य निर्णय. टेस्टच्या जागी अनोळखी वजनं नसावीत, असा आमच्या केंद्रात नियमच होता. आता काम निर्वेध होईल.

१ मार्च
घर शांत आहे. डब्यातले मासळीचे वडे खातो, गरम करायचा कंटाळा येतो. दर रविवारी सिग्रूनला फोन करून प्रगती सांगतो. तिने विचारलं, जेवलास का? मग विचारलं, खडी टाकलीस का? म्हणालो, आता थोडंच राहिलंय. निष्कर्ष काय निघाले, ते विचारलं नाही. मागे चारपाच माणसं हसत होती. टीव्ही असावा.

८ मार्च
तिसरं मॉडेल सापडलं. जाड पोलादी दात, आडव्या पट्ट्या, पावलावरून जाणारा पट्टा, त्यामुळे निसटत नाही. तळाला रबराचा थर, म्हणजे लाडूही जमत नाहीत. दुकानातला म्हणाला, हे बर्फातल्या कामगारांसाठी असतं, फिरायला जरा अति होईल. त्याला म्हणालो, तू अजून बायकोला डोंगरावर नेलेलं दिसत नाहीस. दोन्ही मापांत घेतले. या वेळी टेस्टची वाट पाहिली नाही. काही गोष्टी माणसाला आतूनच कळतात.

२० मार्च
यश! वर, खाली, आडवं, वळून. हातात कॉफीची किटली घेऊनही गेलो. पाय जिथे टाकला तिथेच राहिला. फाटकापाशी उभा राहून आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी बघायला हवं होतं. आर्विदचे पडदे बंद.

सिग्रूनला फोन लावला. उचलला नाही. मशीनवर सगळा रिपोर्ट सांगितला. मधेच वेळ संपली, म्हणून पुन्हा लावून उरलेला सांगितला.

२९ मार्च, रविवार
रस्ते कोरडे. गल्लीत सगळ्यांच्या वाटा मोकळ्या. आमची घराच्या सावलीत, तिथला बर्फ तसाच, बोटभर जाड. मी तरी काय करणार, उत्तर दिशा मी ठरवलेली नाही. आर्विदने फाटकाशी खडीचं पोतं आणून ठेवलंय. ते उघडलेलं नाही. या टप्प्यावर खडी टाकणं म्हणजे सगळ्या कामावर बोळा फिरवणं.

संध्याकाळी सिग्रूनचा फोन. आपणहून. गुरुवारी सकाळी येते, म्हणाली. ईस्टरच्या गुरुवारी सगळा देश केबिनकडे निघतो, त्यामुळे कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मी उगाच मनाला लावून घेत होतो असं नाही, पण बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१ एप्रिल
दोन पिशव्या भरल्या. संत्री, चॉकलेट, तपकिरी चीज, थर्मास. तिची अडतीस नंबरची जोडी खोक्यात घालून वर लाल फीत बांधली. फीत तीनदा सुटली. अरुंद पॅन्टही आणलीय तिच्यासाठी, अंदाजाने.

२ एप्रिल, गुरुवार
ब्योर्गची गाडी फाटकाशी आली. मी दारात तयार, पायात काटे, दोन्ही खांद्यांवर पिशव्या. सिग्रून उतरली आणि फाटकाच्या पलीकडेच उभी राहिली. तिथूनच बोलली. ब्योर्गच्या खालचा फ्लॅट रिकामा होता, तो तिने भाड्याने घेतलाय. पलंगाखालची मोठी सुटकेस आणि लोकरीची पेटी, एवढंच हवं होतं. बाकीचं सावकाश बघू, म्हणाली.

मी म्हणालो, वर ये ना. तिने वाटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पिशव्या उतरवून ठेवल्या.

दोन फेऱ्या केल्या. सुटकेस भरलेली होती, म्हणजे तिने ती आधीच कधीतरी भरून ठेवली असणार, मागच्या दाराने जात-येत होती तेव्हा. जड होती. ओझ्यासकट टेस्ट मी घेतली नव्हती, ती आज झाली. उतारावर, दोन्ही हात गुंतलेले, एकदाही पाय सरकला नाही.

फाटकापाशी तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"पकड चांगली आहे."

"तुझ्या मापाचेही आणलेत," मी म्हणालो.

"असू देत, हालवर."

तिने माझ्या बाहीवर हात ठेवला, काढला, आणि वर जाताना सांभाळ म्हणाली. ब्योर्गने सुटकेस मागे ठेवली. रस्ता कोरडा होता, गाडी सरळ निघून गेली.

निष्कर्ष: तिसरं मॉडेल सर्व बाबतींत योग्य.

वाईट वाटलं. इथे लिहावं की नाही, कळत नव्हतं. लिहिलं.

अडतीस नंबरची जोडी कुणी वापरलेली नाही. न वापरलेली वस्तू दुकानात परत घेतात. पण आता ईस्टरची सुट्टी, मंगळवारपर्यंत सगळं बंद आहे.