केरीच्या आचाऱ्याची सुरी

बाबा, आज तुमच्याशी कागदावर भांडायला बसले आहे. केरीच्या एका हॉटेलातला आचारी कॅलेंडरच्या कागदामागे सुरीचं चित्र काढून आपल्या कारापूरच्या भट्टीवर आला होता, तो दिवस आठवतो का? मासळी कापायची लांब सुरी, पाठ अगदी सरळ, मुठीला त्याच्या अंगठ्यापुरती खाच. आपल्याकडे कोयते नि विळे सोडून असं काम कधी आलं नव्हतं. मी शाळा सोडल्यापासून भाता ओढत होते, घण मारत होते, मुठी बसवत होते. पात्याला आकार मात्र तुम्हीच द्यायचात. मला वाटलं, हे चित्र आता माझ्या हातात येणार. तुम्ही ते बेळगावकडून आलेल्या कामगाराला दिलंत.

मी जळले. उगाच गोड बोलून लपवत नाही. त्याच्या भाकरीवर आई चटणी जास्त वाढायची त्याचाही मला राग यायचा, तर या सुरीचं काय सांगू!

ते राजभाषा कोंकणी की मराठी या आंदोलनाचे दिवस. रस्ते अडवलेले, बसगाड्या बंद, त्यामुळे आचारी लवकर येणार नव्हता. आपल्या एका भिंतीवर कोंकणीची घोषणा, दुसरीवर मराठीची, आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या लोकांना कोयते विकत होतात. कामगाराने खाणीवरच्या ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा तोडून तापवला, चित्रावर एकदा नजर टाकली आणि पट्टी धारेच्या बाजूला चक्क विळ्यासारखी वाकवली. चित्रात पाठ सरळ, नि याचं हे! मी भाता ओढत होते आणि मनातून नाचत होते. बिघडू दे, म्हटलं. मग तो धारेची बाजू ठोकून पातळ करू लागला, आणि ठोक्यागणिक वाकलेली पट्टी सरळ होत गेली. शेवटी कागदावर ठेवली तर रेघेवर रेघ बसली.

मी ते पाहूनही शिकले नाही, कारण मी पाहत होते ते फक्त त्याचं तोंड. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेल्यावर मी उरलेल्या तुकड्याची पट्टी केली, चित्राबरहुकूम सरळ, आणि धार ठोकायला घेतली. टोक वर वर चढत गेलं, पार केळ्यासारखं. तुम्ही दारात उभे राहून सगळं बघत होतात. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत?

"तुका सांगून कितें फायदो, बाये? फाल्यां तूं परक्याच्या घरा वतली."

तुम्ही हे रागाने म्हणाला नाहीत, म्हणून जास्त लागलं. मी परक्याच्या घरी गेले, लग्न होऊन लाटंबार्श्याला. काजू वेचले, भात लावलं. तुमच्यामागे भट्टी त्या कामगाराकडे गेली, आणि इतकी वर्षं मी एकच गोष्ट उगाळत राहिले, की माझ्या बापाने आपली विद्या माझ्यापासून लपवून त्याला दिली. माहेरी आले तरी मी त्या बाजूला फिरकत नसे.

गेल्या महिन्यात माहेरी भावाकडे आले असताना तो कामगार वाटेत भेटला. केस पिकलेत. मी न राहवून बोललेच, बाबांनी तुला ती पट्टी वाकवायची खुबी दिली, मला नाही. तो गोंधळला.

"मालकांनी न्हाई, ताई. मालक कुणालाच काय सांगत नव्हते. ते माझ्या बापानं शिकवलं. गावाकडं, लहानपणी, माझा हात धरून."

घरी येईपर्यंत मी हिशेब लावत होते, आता राग कुणावर धरायचा. तुम्ही त्याला काहीच दिलं नव्हतंत. म्हणजे माझं जळणं संपायला हवं होतं.

हे पुढचं मात्र तुमच्या फोटोसमोरही मी वाचून दाखवणार नाही. ते संपलं नाही, बाबा. मला आता त्या सुरीचा हेवा वाटत नाही, त्या कामगाराचाच वाटतो, पूर्वीपेक्षा जास्त, कारण त्याला तसा बाप होता.