दक्षाचं रक्त

४ नोव्हेंबर, उधवा
पोहोचलो. पंचेचाळिशीत माणसं गुडघ्यांचं ऐकतात. मी पोलंडच्या एका संस्थेचं ऐकून इथे रक्त गोळा करायला आलो. तिथल्या स्लाव कुटुंबांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. त्याच्याशी ताडून बघायला लांबच्या माणसांचं रक्त हवंय. आजार गोऱ्यांचा, शिरा आपल्या. खोली झकास आहे, ताडी सकाळी दारात येते. तब्येत खूश.

६ नोव्हेंबर
वेवजीच्या पाड्यावर रांग. सिकलसेल, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, तोही तपासून देऊ म्हटलं की हात आपोआप पुढे येतात. धीर द्यायला आधी स्वतःचं बोट टोचून थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला: पेशी टिकलीसारख्या गोल. मग प्रत्येकाला तेच, मूठ आवळा, काही दुखत नाही.
रांगेतली बायजी म्हणाली, मागचा सायबही रगत नेताना रिपोर्ट देतो बोलला होता. तिची थोरली दक्षा वाट बघत राहिली, हाडं दुखून दुखून गेली. धाकट्या निलमचा हात पुढे करत तिने सुनावलं, की कोंबडीचं रगत घेतलं तर देवसुद्धा काहीतरी देतो, तुम्ही काय देणार? सगळे हसले. मीही. रिपोर्ट देईन म्हणालो.

१९ नोव्हेंबर
निकाल आले. स्लाव आजार कोणातच नाही, संस्था खूश. निलमला मात्र सिकलसेल आहे, आणि ती पोटुशी आहे. संस्था म्हणते, शोधनिबंध छापून येईपर्यंत ओठ शिवा. बायजीला सांगितलं, सगळं ठीक आहे. नोकरी सांभाळणं हाही आनुवंशिक आजारच. आमच्या घराण्यात तो पिढी चुकवत नाही.

२१ नोव्हेंबर
पोलंडहून तक्रार. फेरतपासणीत वेवजीच्या सगळ्या नळ्यांत एकाच मुलीचं रक्त. मागच्या सायबाने पाठवलेल्या जुन्या नमुन्याशी जुळतं. दक्षाच्या. पण मी तर पुरुषांचंही—

२२ नोव्हेंबर
चूक तिकडचीच असणार. खात्रीला माझाच थेंब काचेवर घेतला. पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सगळ्या.

२४ नोव्हेंबर
हाडं. आधी मांड्या, मग पाठ. बायजी येऊन बघून गेली. दक्षाचंही मांड्यांपासूनच सुरू झालं, म्हणाली. अगदी मायेने.

२५ नोव्हेंबर
उठवत नाही. बायजी ओट्यावर बसलीय. ओरडून खरं सांगितलं— निलमला आहे, दवाखान्यात न्या. ती म्हणाली, नेली कधीच. तुमच्यावर कोण विसंबतो, सायब? मला न्या म्हटलं. तर म्हणे, रिपोर्ट येऊ द्या की. थांबा—
तिच्यामागे एक पोर. माझीच सुई, माझीच नळी हातात—
दक्षा—
म्हणते, काही दुखत नाही, सायब. मूठ आव—