बंगल्याची चावी दिली नाही

सालेकसा, रविवार, १४ डिसेंबर २००८

चावी अजून माझ्याकडेच आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात जंगलसाहेबासाठी बांधलेला बंगला पाडून तिथं सभागृह करायचं, असं आज ग्रामसभेत जवळजवळ ठरलंच होतं. त्याच बंगल्यात मी बावीस वर्षं वाचनालय चालवते, त्याचं काय? कुणी शब्द काढला नाही.

सरपंच म्हणाले, "बाई, इंग्रज गेले. त्यायचा बंगला कायले सांभाळून राहिल्या? चावी द्या."

मी उठले. "साहेब तिथं नुसता झोपला. बांधला कोणी? चला, दाखवते."

सगळ्यांना बंगल्यात घेऊन गेले. जिन्याच्या कठड्याला आतून धानाची एक लोंबी कोरलेली आहे. साहेबाला दिसणार नाही अशा जागी. सुतारानं का कोरली असेल? भीत भीत? छे, मस्तीतच.

सोनबा सुतार, ऐंशीच्या घरातले, गुडघे टेकून बसले. लोंबीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "अशीच आमच्या दारावर हाये. माह्या आज्याच्या हातची."

सरपंचांनी चावीसाठी पुन्हा हात पुढं केला, तर सोनबा मध्ये येऊन उभे राहिले. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

सरपंच चावी मागायला पुन्हा येतील. येऊ देत! वरच्या खिडकीची मोडकी झडप बसवायला उद्या सोनबा हत्यारं घेऊन येणार आहेत. पाडायला काढलेल्या घराची दुरुस्ती कशाला, असं लोक विचारतील. विचारू देत. झडप उद्याच बसेल.