मी न खाल्लेली करी

१७ नोव्हें. १९७४, रविवार. विश्रामबाग
आमटी झाली, असं हे म्हणाले. एक घास घेतला आणि वाटी सरकवली. "तसं नाही गं." कसं ते विचारलं तर, "आंबट-गोड. पण आमटीसारखं नाही. हॉटेलसारखं."
चिंच घातली, गूळ घातला, अख्खी कोंबडी घातली. माहेरी कोंबडीच्या रश्श्यात गूळ घालणाऱ्या बाईला वेड्यात काढतील.
मूळ भानगड अशी की हे माधवनगरच्या गिरणीत सांगून बसलेत, मिरज रस्त्यावरच्या हॉटेलात मिळते तश्शी करी आमची मंडळी घरी करते. उचलली जीभ लावली टाळ्याला. नवे मॅनेजरसाहेब दिल्लीकडचे, त्यांचा त्या करीवर फार जीव. आता १ तारखेला साहेब आणि बाईसाहेब आमच्याकडे जेवायला. मला आज कळतंय.
आणि मी ती करी जन्मात खाल्लेली नाही. हे कुणाच्या ध्यानात येतंय का?

१९ नोव्हें., मंगळ.
टोमॅटो नि साखर. रेशनची साखर संपली, आता आठवडाभर चहा गुळाचा. मंगल म्हणाली, "आई, आज पण तीच भाजी?" नऊ वर्षांची पोर, तिलासुद्धा वीट आलाय.
हे : "जवळ आलीस. पण जड लागते."
जड म्हणजे?
"जड म्हणजे जड."
दर शनिवारी जाऊन खातात आणि सांगायला एक शब्द धड नाही.

२१ नोव्हें., गुरु.
सकाळी सरळ म्हटलं, डब्यात थोडी आणा. चव घेते, मग करते. तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "डबा घेऊन हॉटेलात जाऊ? लोकांना वाटेल घरात चूल पेटत नाही."
बरं, मग एकदा मला घेऊन चला.
हसले. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. "तिथं बायका बसत नाहीत. फॅमिली रूम पण नाही. सगळे ट्रकवाले."
शेजारच्या कमलताईंना सांगितलं. त्या अंड्यालाही शिवत नाहीत, पण माझ्या बाजूनं चांगल्याच चिडल्या. म्हणाल्या, "यांना करी हवी, तर यांनीच करावी."

२४ नोव्हें., रवि.
तिसरी खेप. या वेळी दही पण घातलं. मसाला पाट्यावर तीनदा वाटला, गंधासारखा. हात अजून भगभगतायत.
पानावर बसून काय म्हणावं? "राहू दे. तुला नाही जमायचं. आचाऱ्याचं काम आहे ते."
तळपायाची आग मस्तकात गेली. पातेलं उचलून आत नेलं. दुसऱ्यांदा वाढलं नाही. ठेचा-भाकरीवर उठले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग मी आणि मंगलनं पातेलं पुसून खाल्लं. मला तर चांगली लागली. पण मी कशाशी ताडून बघणार?

२७ नोव्हें., बुध. सातारा
दादाच्या मुलीचं बारसं म्हणून माहेरी आले. सकाळच्या गाडीनं. मंगलला क.ताईंकडे ठेवलंय. शाळा बुडायला नको.
पाहुणे पांगल्यावर आबांनी विचारलं, तोंड का उतरलंय. सगळं सांगितलं. वाटलं होतं, रश्श्यातल्या गुळाला हसतील. हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत बसले.
"ती करी तू कवा खाल्लीयास?"
"न्हाई, आबा."
"मग करनार कशी? आमच्या पलटणीत नवा आचारी आला की पयल्यांदा त्येला पंगतीला बसवायचे. चार दिस जेवायचा. मग लंगरात."
लग्नाच्या अकरा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला, तोही सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या, पोळपाट कधी न उचललेल्या माणसानं. डोळ्यांत पाणी आलं. तेही रागाचंच.
आई मध्येच : "आवं, पर एकली बाई हाटेलात जाईल कशी?"
आबा : "पायानं."

२९ नोव्हें., शुक्र. विश्रामबाग
गेले. एकटी. हे गिरणीत, मंगल शाळेत.
दारात पाय अडला, कबूल करते. बाहेर खरंच दोन ट्रक उभे होते. पदर सारखा केला आणि चढले पायऱ्या. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करताच म्हणाला, "आत बसा बाई. फ्यामिली रूम मोकळी हाय."
पाटी आहे. हातभर लांब, निळ्या रंगात. फॅमिली रूम. रंग उडालेला, म्हणजे काल-परवाची नव्हे. पडद्यामागं चार टेबलं. एकावर दोन मास्तरणी जेवत होत्या, शेजारी वह्यांचा गठ्ठा. माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.
म्हणजे हे खोटं बोलले. दर शनिवारी त्या पाटीखालून आत जातात आणि मला सांगतात
पुढं लिहवत नाही. नंतर लिहीन.

करी आली. पहिला घास रागातच गेला, चव कळली नाही. दुसऱ्याला कळली. खोबरं नाही! भाजलेलं सुकं खोबरं नाहीच. मी तिन्ही वेळा वाटीभर वाटलं होतं. कांदा-लसणाच्या चटणीत असतं ते वेगळंच. रस्सा म्हटला की खोबरं, हात आपोआप डब्याकडे जातो, मी घालतेय हेही मला कळत नव्हतं. तेच ते 'जड'. अकरा वर्षं माझ्या हातचा रस्सा ओरपतात, त्यात खोबरं असतं एवढं माहीत नाही या माणसाला. माहीत असतं तर पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.
गूळही नाही. मग गोडी कसली?
वस्तादांना भेटायचंय म्हटलं. म्हातारा आचारी हात पुसत बाहेर आला. आधी कपाळाला आठ्या. मी म्हटलं, खोबरं नाही ना यात? तर आठ्या गेल्या.
"आता कसं बोललासा! घरची बाई हायसा. गोडी कांद्याची बगा. मंद जाळावर लाल हुस्तवर परतायचा, लय घाई न्हाई करायची. टमाटू उकडायचा, सालं-बिया गाळून टाकायच्या. शेवटाला चिमटभर साकर, झालं. गूळ घातला की आमटी हुती."
आमटी होते, म्हणे. ते मला तोंडपाठ आहे.

३० नोव्हें., शनि.
ढीगभर कांदा स्टोव्हवर पाऊण तास परतला. खोबऱ्याचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला होता, तरी दोनदा हात वर गेला. कोंबडी नाही, नुसता रस्सा. बोट बुडवून चाखलं. तीच. अगदी तीच.
यांना दिला नाही. शनिवार, हे हॉटेलात जेवून आले. मी काही बोलले नाही. आज बोलले असते तर उद्या चूल पेटवली नसती, आणि मला ती करी करायचीच होती. यांच्यासाठी नव्हे.

१ डिसें., रवि.
साहेब-बाईसाहेब आले, जेवले, गेले. पातेलं रिकामं. बाईसाहेबांनी आत येऊन कृती विचारली, मी हिंदीत कशीबशी सांगितली, त्यांनी माझा हात धरला. मला फार छान वाटलं. तेवढ्यात बाहेर हे : "मी म्हटलं नव्हतं साहेब? हॉटेलसारखी." आयत्या बिळावर नागोबा.
पाहुणे गेल्यावर हे पुन्हा पाट ओढून बसले. उरलेली करी भाकरीनं निपटत म्हणाले, "आज कशी काय जमली तुला?"
म्हटलं, "फॅमिली रूममध्ये बसून खाऊन आले."
घास हातातच राहिला. मी भांडी गोळा केली.

४ डिसें., बुध.
तीन दिवस मुक्का. आज चहा घेताना तोंड उघडलं. मला वाटलं, चुकलं म्हणतील. मीच खुळी.
"कुणाबरोबर गेली होतीस?"
चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, एकटी. पायानं.
"मला सांगायचंस."
"तुम्ही सांगायचंत, पाटी आहे म्हणून."
बशी पुढं सरकवली. मग हळूच, "तिथं आमची गिरणीतली माणसं असतात."
असतात. मग? मी काय कुणाच्या ताटातलं ओढून खाणार होते? का लुगड्यातली बायको बरोबर दिसायला नको? माझ्या हातची करी साहेबांपुढे मिरवायला चालते, मी चालत नाही. हे सगळं मी मोठ्यानं बोलले. क.ताईंना भिंतीपलीकडून ऐकू गेलं असणार. जाऊ दे.
हे चहा तसाच टाकून गेले. दिवसभर काम सुचलं नाही मला. राग तर आहेच, पण मेलं त्याच्या खाली दुखतंय पण.

८ डिसें., रवि.
सकाळी पोहे देताना सांगून टाकलं. संध्याकाळी सहाला मी करी खायला जाणार. मंगलला नेणार. यायचं तर या. आणि पडद्यामागं नाही बसायची, बाहेर बसणार, गिरणीतली माणसं बसतात तिथं.
ऐकून घेतलं. दुपारी झोपले नाहीत, पेपरचं तेच पान तासभर समोर.
पावणेसहा झाले. मंगलची वेणी झाली, दोनदा विचारून झालं तिचं, बाबा येणार का. मला माहीत असतं तर सांगितलं असतं. व्हरांड्यात यांच्या येरझाऱ्या चालू आहेत. अंगात इस्त्रीचा शर्ट आहे, पण पायात काही नाही.
सहा वाजले. जाते.